थंडीतील पक्षीगणनेत पहिल्यांदा भाग घेताना : बेळगाव सीमाभागासाठी मार्गदर्शन

ज्यांच्या गावच्या शिवारात एखादे तळे, पाझर तलाव, बंधारा किंवा नदीचा डोह आहे, अशा बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी, चिकोडी या भागांतील कोणालाही थंडीतील पक्षीगणनेत भाग घेता येतो. त्यासाठी पक्षितज्ज्ञ असण्याची अट नाही, महागडा कॅमेरा लागत नाही आणि दूरच्या अभयारण्यातही जावे लागत नाही. नेहमीचे तीस-चाळीस पक्षी खात्रीने ओळखता यावेत, एका जागी शांत उभे राहण्याची तयारी असावी आणि जे दिसले तेवढेच लिहिण्याचा प्रामाणिकपणा असावा, एवढ्यावर सुरुवात करता येते. मोठ्या जलाशयांवर पक्षिनिरीक्षकांचा राबता असतोच. गावतळ्याकडे मात्र त्या गावातल्या माणसाने पाहिले नाही तर सहसा कोणी पाहत नाही, आणि म्हणून नवख्या गणकाने पहिली गणना आपल्याच शिवारात करावी, असे माझे ठाम मत आहे.

कोणती गणना आणि केव्हा

आपल्याकडे थंडीत दोन गणना प्रामुख्याने होतात. पहिली आशियाई पाणपक्षी गणना. ती 1987 साली भारतीय उपखंडात सुरू झाली आणि दरवर्षी जानेवारीत, मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात घेतली जाते. भारतात तिच्या समन्वयात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा मोठा वाटा आहे. हा काळ निवडण्यामागे कारण आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मध्य आशिया, तिबेट, सैबेरिया या बाजूंनी उतरणारे पक्षी तोवर आपापल्या पाणवठ्यांवर स्थिरावलेले असतात आणि परतीचा प्रवास अजून सुरू झालेला नसतो. त्यामुळे एकच थवा आज एका तळ्यावर आणि चार दिवसांनी दुसऱ्या तालुक्यात मोजला जाण्याची शक्यता कमी राहते.

दुसरी म्हणजे ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. ही गणना अमेरिकेत 1998 साली सुरू झाली, 2013 पासून ती जगभर होते आणि भारतातही त्याच वर्षापासून लोक तिच्यात भाग घेतात. फेब्रुवारीतील शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस ती चालते. कोठेही, किमान पंधरा मिनिटे पक्षी पाहून त्यांची यादी ई-बर्ड या संकेतस्थळावर किंवा त्याच्या मोबाइल ॲपवर भरायची, एवढीच तिची अट आहे. पहिल्या वर्षी ही सोपी वाट धरावी. जानेवारीच्या पाणपक्षी गणनेत अनुभवी गणकाबरोबर सहायक म्हणून जावे आणि फेब्रुवारीत आपली यादी स्वतः करावी, हा क्रम मला सर्वांत योग्य वाटतो.

जागा ठरवणे

जिल्ह्यात नावाजलेल्या जागा पुष्कळ आहेत. गोकाक तालुक्यात धुपदाळच्या बंधाऱ्यामागे पसरलेल्या पाण्यावर घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. हिडकलचा विस्तीर्ण जलाशय आहे, बेळगाव शहराला पाणी पुरवणारा मार्कंडेय नदीवरील राकसकोपचा जलाशय आहे आणि सौंदत्तीजवळ मलप्रभेवरील नविलुतीर्थ धरणाचे पाणी आहे. या जागा जरूर पाहाव्यात, परंतु एकट्या नवख्या माणसाने एवढ्या मोठ्या पाण्याची मोजणी अंगावर घेऊ नये. दूरच्या काठावरचे पक्षी ठिपक्यांएवढे दिसतात, पाण्याचे हात वळणांआड गेलेले असतात आणि अशा ठिकाणी तीन-चार तुकड्यांनी काठ वाटून घेतल्याशिवाय आकडा विश्वासार्ह होत नाही.

त्यापेक्षा असे तळे निवडावे की ज्याचा बहुतेक भाग दोन किंवा तीन ठिकाणी उभे राहून नजरेत येतो, ज्याच्या काठाने चालण्यास वाट आहे आणि जेथे आपल्याला पुढील वर्षीही जाता येईल. यातील शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण एका वर्षाच्या आकड्यावरून फारसे काही सांगता येत नाही. त्याच जागी, त्याच सुमारास, त्याच पद्धतीने केलेल्या पाच-सहा वर्षांच्या नोंदी हातात असल्या, तरच पक्षी वाढले की घटले हे बोलता येते.

सीमाभागात एक गोष्ट अधिक सांभाळावी लागते. दूधगंगेच्या काही भागात नदीचा एक काठ बेळगाव जिल्ह्यात आणि दुसरा कोल्हापूर जिल्ह्यात येतो. पक्षी मध्यधारेतील वाळूच्या पट्ट्यावर बसलेले असतात आणि दोन्ही काठांवरून दोन गट त्यांचीच मोजणी करतात. अशा ठिकाणी समोरच्या गावातील गणकांशी आधी बोलून, कोणता पट्टा कोणी मोजायचा हे ठरवून घ्यावे आणि ॲपमध्ये नकाशावरची खूण आपण प्रत्यक्ष उभे होतो त्या काठावरच लावावी.

आधीच्या पंधरवड्यातील तयारी

साहित्य थोडेच लागते. आठ पट मोठे दाखवणारी आणि 42 मिलिमीटर भिंगाची दुर्बीण या कामाला उत्तम. ती नसेल तर दोघांत एक चालते. खिशात मावणारी वही, पेन्सिल, पाणी, डोक्याला टोपी आणि मातकट रंगाचे कपडे असावेत. जानेवारीत पहाटे चांगली थंडी असते आणि नऊनंतर ऊन चटकते, म्हणून अंगावर काढता येईल असा स्वेटर ठेवावा. उसाच्या बांधाने जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायात बूट हवेतच.

खरी तयारी ओळखीची. आपल्या भागातील सगळे पक्षी पाठ करण्याच्या मागे लागू नये. तळ्यावर, शेतात आणि तारांवर हमखास दिसणारे पक्षी पक्के करावेत. टिबुकली, वारकरी, पाणकावळा, गायबगळा, वंचक, शेकाट्या, टिटवी, खंड्या, वेडा राघू, कोतवाल, भिंगरी आणि धोबी एवढे आधी डोळ्यांत बसले की उरलेले त्यांच्याशी ताडून पाहता येतात. बदकांपैकी बारमाही राहणारे हळदीकुंकू बदक त्याच्या चोचीवरील पिवळ्या टोकाने आणि तांबड्या ठिपक्यांनी ओळखू येते. थंडीत येणाऱ्यांपैकी थापट्याची चोच पुढे पळीसारखी रुंद असते, तलवार बदकाच्या नराची शेपटी लांब व टोकदार असते, तर भुवई बदकाच्या नराच्या डोळ्यावरून पांढरी पट्टी मागे गेलेली असते. चक्रवाक, म्हणजे ब्राह्मणी बदक, त्याच्या केशरी-बदामी रंगामुळे दुरूनही चुकत नाही.

जेथे चूक होण्याचा संभव जास्त, तेथे अधिक वेळ द्यावा. धोब्यांचेच पाहा. थोरला धोबी आपल्याकडे वर्षभर असतो, तर पांढरा धोबी थंडीत येतो, आणि दोघेही काळेपांढरे असल्याने नवखा गणक सर्रास एकाच्या नावावर दुसऱ्याला मांडतो. थोरल्याचे कपाळ काळे असून डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असते; पांढऱ्याचे कपाळ आणि चेहरा पांढरा असतो व एकूण अंगलट बारीक असते. पोटाखाली पिवळा, पाठीवर करडा आणि फार लांब शेपटीचा दिसला, तोही ओढ्याच्या वाहत्या पाण्याजवळ, तर तो बहुधा करडा धोबी समजावा. ओलिताच्या शेतात गुरांच्या पायांजवळ दिसणाऱ्या, हिरवट पाठीच्या व पिवळ्या पोटाच्या थव्यांत पिवळ्या धोब्याची शक्यता अधिक. अशा तीन-चार जोड्यांचा नीट अभ्यास केला, तर गणनेच्या दिवशी निम्मा गोंधळ टळतो.

गणनेच्या आधी एकदा त्या जागेची पाहणी करावी. सूर्य कोणत्या बाजूने वर येतो हे बघून, तो आपल्या पाठीशी राहील अशी उभे राहण्याची जागा निवडावी, कारण उजेडाकडे तोंड करून पाहिलेली सगळी बदके काळीच दिसतात. जमीन ज्यांची आहे त्यांना आधी भेटावे. हरभरा, मसूर किंवा तंबाखू उभी असलेल्या शेतातून कोणी अनोळखी माणूस दुर्बीण घेऊन फिरू लागला तर शंका येणे स्वाभाविक आहे, पण "मामा, तळ्यावरची पाखरं मोजायला आलोय, सरकारी काम नव्हे, तुमच्या बांधावरनं गेलो तर चालेल काय?" असे विचारल्यावर नाही म्हणणारा शेतकरी विरळाच. पूर्वेकडील तालुक्यांत कन्नडमध्ये 'हक्की' म्हणजे पक्षी आणि 'केरे' म्हणजे तळे एवढे शब्द आणि सोबत एखादा कन्नड बोलणारा मित्र असला की काम सोपे होते. मासे धरणारे, म्हशी राखणारी मुले आणि मेंढरे घेऊन फिरणारे धनगर यांना औंदा बदके उतरली की नाहीत, कोठे बसतात, कोणत्या वेळी उठतात हे नेमके माहीत असते. त्यांनी सांगितले ते ऐकून जागा व वेळ ठरवावी. आकडा मात्र स्वतः मोजलेलाच लिहावा.

काही मर्यादा कटाक्षाने पाळाव्यात. नदीघाटावर बायका धुणे धूत असतील तर तिकडे दुर्बीण वळवू नये. दुसऱ्या काठावर जावे किंवा वेळ बदलावी. बेळगावच्या लष्करी हद्दीत आणि सांबरा विमानतळाच्या परिसरात दुर्बीण व कॅमेरा बाहेर काढू नये. धरणाच्या भिंतीवर छायाचित्रणाला बंदी असल्याचा फलक असतो, त्याचा मान राखावा. अभयारण्यात जायचे असल्यास वन खात्याची परवानगी आधी घ्यावी.

प्रत्यक्ष मोजणी

जानेवारीत आपल्याकडे सूर्योदय सातच्या सुमारास होतो. साडेसहाला जागेवर पोहोचावे, धुके असेल तर ते उठेपर्यंत थांबावे आणि पक्षी स्पष्ट दिसू लागले की मोजणी सुरू करावी. वहीत सर्वांत वर तारीख, जागेचे नाव, सुरू केल्याची वेळ, सोबत किती जण आहेत आणि हवा कशी आहे एवढे लिहावे. वेळ लिहायची राहिली तर पुढचे आकडे कितीही चांगले असले तरी त्यांची तुलना करता येत नाही.

तळ्याजवळ थेट काठापर्यंत जाऊ नये. शंभर-दीडशे पावलांवर थांबून आधी पूर्ण तळ्यावरून एकदा दुर्बीण फिरवावी आणि जे सर्वांत आधी उडून जाण्यासारखे आहेत, म्हणजे बदके, करकोचे आणि शिकारी पक्षी, ते पहिल्यांदा मोजून घ्यावेत. झुडपांतील लहान पक्षी नंतरही सापडतात. मोजताना डावीकडून उजवीकडे असा एकच क्रम ठेवावा आणि मध्येच मागे वळून पुन्हा मोजू नये.

थवा लहान असेल तर एकेक पक्षी मोजता येतो. शंभराच्या वर गेला की पद्धत बदलावी लागते. समजा, पाण्याच्या कडेला अडई बदकांचा मोठा थवा बसला आहे. त्याच्या एका टोकाकडील वीस पक्षी नीट एकेक करून मोजावेत आणि त्या विसांनी किती जागा व्यापली आहे ते डोळ्यांत साठवावे. मग तेवढ्याच आकाराचे तुकडे पूर्ण थव्यावर किती बसतात ते पाहावे. चौदा तुकडे बसले तर आकडा 280 होतो. मध्ये पक्षी दाट आणि कडेला विरळ असतात, म्हणून दाट भागासाठी तुकड्याचा आकार लहान धरावा. दुसऱ्या सोबत्याने आपला आकडा न ऐकता स्वतंत्रपणे मोजावे. दोघांच्या आकड्यांत फार अंतर पडले तर पुन्हा मोजावे. थोडे अंतर असेल तर मधला आकडा घ्यावा. थव्यात दोन-तीन जाती मिसळलेल्या असतील तर आधी एकूण संख्या ठरवावी, मग थव्याच्या तीन वेगवेगळ्या भागांतील पन्नास-पन्नास पक्षी तपासून प्रत्येक जातीचे प्रमाण काढावे.

टिबुकली आणि पाणकावळा बुडी मारतात, त्यामुळे एका फेरीत त्यांतले काही पाण्याखाली राहतात. त्यांची तीन वेळा मोजणी करून एका वेळी सर्वांत जास्त दिसलेला आकडा लिहावा. तीन फेऱ्यांची बेरीज कधीही करू नये. वीजतारांवर बसलेल्या भिंगऱ्यांसाठी दोन खांबांमधील पक्षी मोजावेत आणि असे किती गाळे भरलेले आहेत ते पाहावे. संध्याकाळी भोरड्यांचे थवे मुक्कामाच्या झाडांकडे जातात. तेथे एखादे झाड किंवा घराचे छप्पर खूण म्हणून धरून, ती रेषा ओलांडणारे पक्षी मिनिटामिनिटाने मोजत जावे. आकाशात पसरलेल्या थव्याकडे पाहून "हजारो" असे लिहिण्यापेक्षा हा आकडा कितीतरी अधिक उपयोगी पडतो.

ओळख पटली नाही तर तसे लिहावे. ज्वारीच्या किंवा हरभऱ्याच्या शेतावरून खाली खाली तरंगत जाणाऱ्या भोवत्या या शिकारी पक्ष्यांच्या माद्या आणि पिल्ले जातीपर्यंत ओळखणे अनुभवी लोकांनाही अवघड जाते. तेथे "भोवत्या, जात अनिश्चित, 1" ही संपूर्ण योग्य नोंद आहे. चिखलात चरणाऱ्या तुतारी या लहान पाणपक्ष्यांबाबतही तेच. मर्लिन हे ॲप आवाज ऐकून नाव सुचवते आणि शिकण्यासाठी ते फार चांगले आहे, परंतु पक्षी पाहिल्याशिवाय किंवा आवाज स्वतःला ओळखता आल्याशिवाय केवळ ॲपने सांगितले म्हणून नाव यादीत घालू नये. पक्ष्यांना बोलावण्यासाठी मोबाइलवर त्यांचे आवाज वाजवू नयेत आणि संख्या नीट दिसावी म्हणून दगड मारून थवा उठवण्याचा विचारही मनात आणू नये. थंडीत खाऊन साठवलेली ताकद त्यांना परतीच्या हजारो किलोमीटरच्या उड्डाणासाठी लागते.

काठावर जाळे, फास किंवा विष घातलेले दाणे आढळले तर हात लावू नये, कोणाशी वाद घालू नये. जागेचे छायाचित्र घेऊन वन खात्याला कळवावे. पक्ष्यांची शिकार हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

खानापूरच्या रानपट्ट्यात

जांबोटी, कणकुंबी, लोंढा या बाजूला गणनेची रीत वेगळी ठेवावी लागते. तेथे मोठे थवे नसतात आणि पक्षी डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक सापडतात. मळलेल्या वाटेने तासाला एक किलोमीटरपेक्षा जास्त वेग न ठेवता चालावे, दर शंभर-दोनशे पावलांवर थांबून ऐकावे आणि एक यादी तासाभराच्या व दोन किलोमीटरच्या आत संपवून पुढे दुसरी सुरू करावी. राखी कोतवाल, नीलांग, नवरंग आणि पानांत लपणारे हिरवट वटवटे हे येथील थंडीतले पाहुणे. मलबारी राखी धनेश आणि शीळ घालणारा कस्तूर मात्र येथलेच. लहान पक्षी अनेकदा मिश्र टोळ्यांनी फिरतात, टोळी पाच मिनिटांत निघून जाते, म्हणून एकाने बोलावे आणि दुसऱ्याने लिहावे. भीमगड अभयारण्य 2011 साली घोषित झाले असून त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. त्याच्या बाहेरच्या रानातही गवे आणि अस्वले असतात. एकट्याने जाऊ नये, गावातला माहितगार सोबत घ्यावा आणि उजाडल्याशिवाय आत शिरू नये.

नोंद भरणे

घरी आल्यावर त्याच दिवशी यादी ई-बर्डवर भरावी. ॲपमध्ये आपल्या भागाची पक्ष्यांची यादी आधी उतरवून ठेवली तर रेंज नसलेल्या गावातही जागेवरच नोंद करता येते आणि रेंज आल्यावर ती पाठवता येते. एका जागी उभे राहून मोजले असेल तर स्थिर, चालत मोजले असेल तर प्रवासी असा प्रकार निवडावा. दोन तळी मोजली असतील तर दोन स्वतंत्र याद्या कराव्यात. प्रत्येक पक्ष्यापुढे संख्या लिहावी. नुसती हजेरीची खूण शक्यतो टाळावी. शेवटी ओळखता आलेले सर्व पक्षी यादीत आहेत का, असा प्रश्न येतो. कावळा, साळुंकी, चिमणी, होला हे सुद्धा मोजले असतील तरच होकार द्यावा. ते क्षुल्लक समजून वगळू नयेत, कारण ज्या यादीत सर्व पक्षी आहेत त्याच यादीवरून, एखादा पक्षी तेथे दिसलाच नाही, हेही समजते. तळे कोरडे पडल्यामुळे एकही पाणपक्षी नसेल तरी टिटवीपासून सातभाईपर्यंत जे दिसले ते भरून, तळे कोरडे असल्याचे शेऱ्यात लिहावे.

गटाने गेलेल्यांपैकी एकानेच यादी भरावी आणि ती इतरांना वाटावी, म्हणजे एकच थवा चार वेळा नोंदला जात नाही. पाणपक्षी गणनेसाठी जागेचा तपशील मागणारा वेगळा अर्ज असतो. पाण्याची पातळी, मासेमारी, वाळूउपसा, जलपर्णी, काठावरचे अतिक्रमण यांविषयीचे रकाने रिकामे ठेवू नयेत. तो भरून समन्वयकाकडे द्यावा आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीलाही द्यावी; तळ्याच्या दुरुस्तीचा किंवा गाळ काढण्याचा विषय निघाला की ती प्रत कामी येते.

आठ-पंधरा दिवसांनी ई-बर्डच्या परीक्षकाकडून एखाद्या नोंदीविषयी विचारणा करणारी ईमेल येऊ शकते. संख्या नेहमीपेक्षा फार मोठी असली किंवा पक्षी त्या भागात क्वचित दिसणारा असला, तर अशी विचारणा सर्वांनाच होते. तो अविश्वास नव्हे. वहीतील पान काढावे, पक्षी किती अंतरावर होता, उजेड कसा होता, कोणत्या खुणा प्रत्यक्ष दिसल्या आणि थवा कोणत्या पद्धतीने मोजला हे चार ओळींत कळवावे, छायाचित्र असल्यास जोडावे. खुणा आठवत नसतील किंवा आता शंका वाटत असेल तर यादी उघडून जातीऐवजी गटाचे नाव लिहावे, संख्या तशीच ठेवावी आणि परीक्षकाला तसे उत्तर पाठवावे.